लोकेश्वरी चित्रात नव्हती

रायपूरला मी पाहुणी म्हणून गेले आणि भांडून परत आले. आल्यावर जो तो विचारतो, काय काय पाहिलंस? सांगण्यासारखं पुष्कळ आहे. भर वस्तीत पसरलेला तलाव आहे, जुनी देवळं आहेत, तांदळाचे इतके पदार्थ आहेत की पुण्याच्या माणसानं पोळीचं नाव विसरावं. पण मी सांगायला लागते ती एका चित्रापासून, आणि दोन वाक्यांत माझा आवाज चढतो. तेव्हा एकदा शांतपणे लिहून काढावं म्हणून बसले आहे. शांतपणा कितपत टिकेल ते माहीत नाही.

मी पुण्यात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना संख्याशास्त्र शिकवते. गेली काही वर्षं माझा विषय आहे मनाच्या तक्रारींची जाळी. ही जाळी म्हणजे काय ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं भांडण त्यावरच आहे. समजा खूप माणसांना आपण प्रश्न विचारले: झोप लागते का, काळजी वाटते का, भूक लागते का, रडू येतं का. प्रत्येक प्रश्नाचा एक ठिपका काढायचा. ज्या दोन प्रश्नांची उत्तरं, बाकीच्या प्रश्नांचा हिशेब बाजूला काढल्यावरही, बरोबरीनं वर-खाली होतात, त्या ठिपक्यांमध्ये रेघ ओढायची. नातं घट्ट असेल तर रेघ जाड. असं करत एक कोळ्याचं जाळं तयार होतं. ज्या ठिपक्याला जाड रेघा जास्त, तो मध्यवर्ती. दिसायला फार देखणं असतं हे चित्र, आणि तिथेच घोटाळा होतो. देखण्या चित्रावर माणसं लवकर विश्वास ठेवतात.

श्रद्धा देशकर माझी जुनी विद्यार्थिनी, मूळची रायपूरची. शिक्षण संपवून ती आपल्या गावी परतली आणि तिथल्या एका खाजगी नर्सिंग कॉलेजात समुपदेशक म्हणून लागली. कॉलेजचं स्वतःचं मोठं इस्पितळ आहे. एप्रिलमध्ये तिचा फोन आला. "मॅडम, आमच्या कॉलेजला तुम्हाला व्याख्यानाला बोलवायचंय. मी नाव सुचवलं. पण खरं सांगू का, व्याख्यानासाठी नका येऊ. तुमच्या विषयाच्या नावाखाली इथं काहीतरी करून राहिलेत आणि मले ते थांबवता येत नाहीये."

पुण्यात असताना ती "मला" म्हणायची. घरी गेल्यावर तिचं "मले" परत आलं होतं, ते ऐकून बरं वाटलं. बाकीचं ऐकून नाही.

बूढापारा

स्टेशनाबाहेर आले तेव्हा सकाळ होती, तरी ऊन असं होतं की डोळे किलकिले करूनच चालावं लागत होतं. ई-रिक्षावाल्यानं माझी बॅग उचलून ठेवली आणि विचारलं, "कोन पारा दाई?"

मी म्हटलं, "चव्वेचाळीस तरी असेल."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी आपली पदरानं वारा घेत त्याला सांगते आहे, पुण्यात इतका नसतो म्हणून. मग त्यानंच समजावलं, पारा म्हणजे मोहल्ला, आणि दाई म्हणजे आई. तेव्हा कुठे मी श्रद्धाचा पत्ता सांगितला. बूढापाऱ्यापर्यंत तो मधूनमधून स्वतःशीच हसत होता आणि वाटेत भेटलेल्या दुसऱ्या एका रिक्षावाल्यालाही त्यानं हे ऐकवलं.

देशकरांचं घर तलावाच्या मागच्या गल्लीत आहे. खाली एक इस्त्रीचं दुकान आणि एक मोबाइलवाला, वर हे लोक. भोसल्यांच्या काळात यांचे पूर्वज नागपूरहून आले आणि इथलेच झाले. श्रद्धाचे वडील विनायकराव वीज खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचं मराठी ऐकताना मला आधी नागपूर ऐकू यायचं, मग मध्येच हिंदी, आणि होकार द्यायचा तर सरळ छत्तीसगढी "हव".

"या मॅडम, बसा. गरमी लई आहे. वहिनी, आधी पानी दे," ते म्हणाले. आपल्या बायकोला ते सगळ्यांदेखत वहिनी म्हणतात, कारण घरात सगळे धाकटे दीर तसं म्हणत होते आणि यांनाही तीच सवय लागली. असं मी पुण्यात कधी ऐकलं नव्हतं.

वहिनींनी पितळी वाटीत बोरे बासी आणून ठेवली. रात्रीचा भात पाण्यात भिजवलेला, वर दही, शेजारी कांदा आणि कैरीची चटणी. आपल्याकडे शिळा भात फोडणीत जातो, इथे तो पाण्यात जातो. मी भीतभीत पहिला घास घेतला. दुसऱ्या घासाला स्टेशनापासून डोक्यात ठणकत असलेलं ऊन उतरायला लागलं. "उन्हाळाभर हेच," वहिनी म्हणाल्या. "मी पयले नाक मुरडत होती. आमचं माहेर अकोल्याचं ना. आता माहेरी गेली तर तिकडे मले हे भेटत नाही."

जेवणं झाल्यावर श्रद्धानं सगळं सांगितलं. कॉलेजनं सगळ्या विद्यार्थिनींची मानसिक पाहणी केली होती. प्रश्न हिंदीत. आधी सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं होतं की मनमोकळं लिहा, उत्तरं कुणालाही कळणार नाहीत. कागदावर नाव नव्हतं. पण पुन्हा पाहणी केली तर उत्तरं जुळवता यावीत म्हणून रोल नंबर होता.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग बाहेरच्या एका सल्लागाराकडून जाळं काढून घेतलं. मधला ठिपका निघाला, 'किसी काम में मन नहीं लगता'. संचालक म्हणाले, म्हणजे रोगाचं मूळ सापडलं. ज्या पोट्टींनी त्या प्रश्नाला सगळ्यात वरचं, म्हणजे जास्तीत जास्त त्रासाचं उत्तर दिलं होतं, त्यांचे रोल नंबर काढले आणि त्यांना घरी पाठवून दिलं. विश्रामासाठी म्हणे. पत्रात लिहिलं, मानसिक कारणांमुळे."

"आईवडिलांना पत्र?"

"आईवडिलांना."

मी उठून खिडकीशी गेले. राग चेहऱ्यावर आला होता आणि दुसऱ्याच्या घरी पहिल्याच दुपारी तसं दिसणं बरं नव्हे. ज्या रीतीनं हे जाळं विणलं जातं तिच्यात एका माणसाबद्दल काहीही सांगण्याची सोय नाही. हे पहिल्या तासाला शिकवतात. गर्दीत कुठल्या चौकातून वर्दळ जास्त हे नकाशावरून कळेल, पण त्यावरून अमुक बाई आज कुठे निघाली आहे ते कळत नाही. आणि कळत असतं, तरी जिला "कुणाला सांगणार नाही" म्हणून बोलतं केलं तिचंच नाव काढायचं? हे करू नये हे कळायला कुठलं संख्याशास्त्र लागतं? त्याला साधी लाज लागते.

"अजून एक आहे," श्रद्धा म्हणाली. "मी प्रश्नांमध्ये रात्रीच्या ड्यूटीचा प्रश्न टाकला होता. या मुलींना इस्पितळात रात्री जुंपतात, सकाळी पुन्हा वर्ग. संचालकांनी तो प्रश्न काढून टाकला. म्हणाले, हा मनाचा प्रश्न नाही."

विनायकराव इतका वेळ वर्तमानपत्रामागे होते. ते बाजूला न करता म्हणाले, "पोट्टे, नोकरी कंत्राटी आहे तुझी. हे ध्यानात ठेव."

कॉलेजची भिंत

संचालकांच्या खोलीत शिरल्या शिरल्या मला ते चित्र दिसलं. मोठं करून, चौकटीत बसवून त्यांच्या खुर्चीमागे टांगलेलं. निळ्या रेघा, नारिंगी ठिपके, आणि मधोमध एक सर्वांत मोठा लाल ठिपका. मी माझ्या आयुष्यात अशी शेकडो जाळी काढली असतील, पण भिंतीवर देवासारखं टांगलेलं पहिलंच.

संचालक अगत्यशील गृहस्थ होते. पोहे आणि जिलबी मागवली. पोह्यांवर जिलबी ठेवून खायची इथली पद्धत मला एरवी आवडली असती. "मैम, आपके आने से हमारा मान बढ़ गया," ते म्हणाले. पुढच्या महिन्यात तपासणी समिती येणार होती. या अभिनव उपक्रमाचा अहवाल तिच्यापुढे ठेवायचा होता आणि त्यावर बाहेरच्या तज्ज्ञाचा अभिप्राय हवा होता. तो अभिप्राय मी लिहून द्यायचा, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं.

मी माझ्या पुणेरी हिंदीत विचारलं, "ज्या मुली घरी पाठवल्या त्यांचं काय झालं?"

"विश्राम पर हैं. देखिए, यह जो लाल है, यही केंद्र है. इसको हटा दिया तो पूरा जाल अपने आप ढीला पड़ जाएगा. है ना?"

त्यांच्या बोलण्यातला घोटाळा मला क्षणभर उमगलाच नाही, इतक्या सहज ते म्हणाले. लाल ठिपका हटवायचा म्हणजे ती तक्रार हटवायची, असं पुस्तकात लिहिलेलं असतं, आणि तेसुद्धा जपून, "कदाचित" असं म्हणून. यांनी तक्रार करणाऱ्या मुली हटवल्या होत्या.

दुपारी शिक्षकांपुढे माझं व्याख्यान झालं. मी फळ्यावर "मन नहीं लगता" एवढंच लिहिलं आणि विचारलं, याचा अर्थ काय? एका शिक्षिकेनं सांगितलं, कामात रस वाटत नाही. दुसरी म्हणाली, उदास वाटतं. मागच्या बाकावरच्या एक प्रौढ शिक्षिका, महासमुंदकडच्या, म्हणाल्या, "हमारे तरफ तो नई बहू भी यही बोलती है. मन नइ लागय. मतलब मायके की याद आती है."

मी त्यांना सांगितलं की मराठीत यासाठी वेगळा शब्द आहे, करमत नाही. नव्या जागी करमत नाही म्हणणाऱ्या माणसाला आम्ही आजारी समजत नाही, चार दिवस जेवायला बोलावतो. वर्गात हसू पसरलं. पहिल्या वर्षाच्या, गावाकडून आलेल्या, प्रथमच घर सोडलेल्या मुलींनी या प्रश्नाला काय म्हणून होकार दिला असेल ते सगळ्यांना कळलं. आणि "घर की याद आती है" हा प्रश्न यादीत वेगळा होताच. एकच गोष्ट दोनदा विचारली तर दोन ठिपक्यांमध्ये जाड रेघ येणारच. ती मनातली रेघ नसते, आपण वापरलेल्या भाषेतली असते.

संचालक पहिल्या रांगेत बसून मान डोलावत होते. त्यांना वाटत होतं मी त्यांचंच कौतुक करते आहे.

अभनपूर

दुसऱ्या दिवशी श्रद्धा मला घेऊन अभनपूरला गेली. घरी पाठवलेल्यांपैकी एक मुलगी तिथली, लोकेश्वरी. वाटेवर दोन्ही बाजूंना उन्हाळी धानाची शेतं, काही पिवळी पडलेली, काही कापलेली. बाजारात धानाच्या पोत्यांनी लादलेल्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती आणि त्यांच्यामधून आमची जीप बैलासारखी वाट काढत होती.

घर बाजाराच्या मागे, मातीनं सारवलेलं, ओसरी थंडगार. लोकेश्वरीची आई दारात आली. शहरातून कॉलेजवाल्या बायका आल्या म्हटल्यावर तिचा चेहरा ताठ झाला. आम्ही बसायच्या आतच ती म्हणाली, "मोर नोनी बइही नोहे."

माझी मुलगी वेडी नाही. मी काही विचारलं नव्हतं, नुसता नमस्कार केला होता. किती जणांना तिला हे सांगावं लागलं असेल तेव्हापासून, कोण जाणे.

श्रद्धानं तिला छत्तीसगढीत समजावलं की आम्ही कॉलेजकडून नाही आलो, तिच्या बाजूनं आलो आहोत. मग त्या बाईंनी आम्हाला अंगाकर दिली, तांदळाच्या पिठाची जाड, पानांत गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेली भाकरी, आणि पाट्यावरची टोमॅटोची चटणी. ती चटणी इतकी झणझणीत होती की मला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि लोकेश्वरी आतून धावत तांब्या घेऊन आली. तेवढ्या गडबडीत अवघडलेपणा जरा कमी झाला.

उंच, सावळी, केस घट्ट बांधलेली मुलगी. बोलताना सरळ डोळ्यांत बघणारी. बोलायची हिंदीत.

"पत्र आलं तेव्हा काय झालं?" मी विचारलं.

"पापा पढ़ नहीं पाते मैडम. सरपंच से पढ़वाया. तो पूरे गाँव को मालूम हो गया. बुआ ने एक जगह बात चलाई थी, वो लोग अब फोन नहीं उठाते. उसका मुझे दुख नहीं है. पर मेरा साल जा रहा है."

"त्या प्रश्नाला तू वरचं उत्तर का दिलं होतंस?"

"क्योंकि नहीं लगता था मन. रात भर वार्ड में, फिर सुबह क्लास. सो के उठो तो समझ में नहीं आता था सुबह है कि शाम. घर की याद तो आती ही है. लेकिन मरीज़ों के पास जाती थी तो ठीक लगता था. एक बूढ़ी अम्मा मेरे ही हाथ से दवा खाती थी." मग तिनं मला विचारलं, "मैडम, आप लोगों ने पूछा था न? इसलिए बताया. नहीं बताना था क्या?"

"आप लोगों" म्हणताना तिनं मला कॉलेजपासून वेगळं काढलं नव्हतं आणि ते बरोबरच होतं. प्रश्न विचारणाऱ्यांच्या जातीची मी. माझ्या हातात अर्धी अंगाकर तशीच राहिली.

निघताना तिच्या आईनं विचारलं, "कॉलेज वाले मन वापस लिहीं का?" घेतील का परत? श्रद्धा म्हणाली, "कोशिश करबो." मी हात जोडले. जीपमध्ये बसल्यावर मात्र मी इतकं बोलले की ड्रायव्हरनं आरशातून दोनदा मागे पाहिलं.

पुरानी बस्ती

संध्याकाळी विनायकराव म्हणाले, "चला मॅडम, देवळं दाखवतो. पाहुण्यानं कॉलेजच पाहून जावं का?" श्रद्धा घरी थांबली. आम्ही पुरानी बस्तीच्या गल्ल्यांमधून चालत गेलो. घराघरांच्या ओट्यांवर बायका भाजी निवडत बसलेल्या, स्कूटरी अंगाला घासून जाणाऱ्या, आणि मधूनच एखाद्या देवळाची घंटा. एका वळणावर माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मग मी एक चप्पल हातात, एक पायात अशी विनायकरावांच्या मागे. पुण्यात कुणी पाहिलं असतं तर चार दिवस चर्चा झाली असती. इथे एका आजीबाईंनी ओट्यावरूनच "नंगे पाँव चल दे बेटी, मंदिर ही तो जा रही है," म्हणून प्रश्न मिटवला.

देवळाच्या पायरीवर बसल्यावर ते मुद्द्यावर आले. "उद्या तुमी जाऊन बोलान. तुमी तर पुण्याले जान निघून. पोट्टीले इथंच राहायचं आहे."

"ती माझ्या बोलण्याला जबाबदार नाही," मी म्हटलं. "मी माझ्या नावानं बोलेन."

"ते तुमाले वाटते. तिथं कोनी असं नाही समजत. मी आयुष्यभर नोकरी केली, मॅडम. कोनाशी वाद नाही. साहेब म्हने दिवस, तर दिवस. म्हने रात, तर रात. श्रद्धा तशी नाही. मले भीती वाटते तिची."

"तुम्ही मला गप्प बसायला सांगता आहात का?"

समोर एक मुलगी आपल्या धाकट्या बहिणीला घंटेपर्यंत उचलून धरत होती. "नाही," ते तिकडे बघत म्हणाले. "मी काहून सांगू? माही पोट्टी त्या जागी असती तर मी स्वतः गेलो असतो. मी फक्त सांगून राहिलो, की याची काय किंमत लागणार आहे ते आमाले माहीत आहे."

वाटेत त्यांनी चांभार शोधून माझी चप्पल शिवून घेतली आणि मला पैसे देऊ दिले नाहीत.

पुन्हा कॉलेज

शेवटच्या दिवशी संचालकांनी अभिप्रायासाठी आपल्याच खोलीत बैठक ठेवली होती. शिक्षक होते, श्रद्धा होती, आणि ज्यानं ते जाळं काढलं तो सल्लागार सौरभही आला होता. पंचविशीचा, नम्र, लॅपटॉपला चिकटलेला. मला तो खलनायक वाटावा अशी माझी फार इच्छा होती, पण तो तसा नव्हता.

मी भिंतीवरच्या चित्राकडे बोट दाखवून त्याला विचारलं, "यामध्ये लोकेश्वरी कुठे आहे ते मला दाखवा."

तो गोंधळला. "मैम?"

"अभनपूरची विद्यार्थिनी. हे चित्र बघून तिला घरी पाठवलं. तर ती या चित्रात कुठे आहे?"

सौरभनं चित्राकडे पाहिलं, मग संचालकांकडे, मग माझ्याकडे. "कहीं नहीं है, मैम," तो म्हणाला. "इसमें कोई एक इंसान होता ही नहीं है. ये तो सबका मिला के है."

"मग तिचं नाव कसं निघालं?"

"सर ने उस सवाल पर सबसे ऊपर वालों के रोल नंबर माँगे थे. मैंने फाइल दे दी." त्याचे कान लाल झाले होते. "मुझे लगा काउंसलिंग के लिए चाहिए."

संचालकांचा चेहरा अगत्यशीलच राहिला. "देखिए, हमने तो बच्चियों के भले के लिए किया. कल को कुछ हो जाता तो? ज़िम्मेदारी किसकी थी?"

मी ठरवून गेले होते की आवाज चढवायचा नाही. तो चढला. मी मराठीत बोलायला लागले आणि माझ्या लक्षातही आलं नाही, श्रद्धा मागून हिंदी करत होती. मी म्हटलं, तुम्ही मुलींना शब्द दिलात आणि मोडलात. त्यांना रात्री जागवणारं काम तुम्ही देता आणि तो प्रश्न यादीतून काढून टाकता. जे विचारलंच नाही ते जाळ्यात यायचं कसं? मग जो ठिपका उरतो त्याला मूळ म्हणता, आणि त्या ठिपक्याच्या नावानं मुलींच्या कपाळावर शिक्का मारून गावी पाठवता. हे माझ्या विषयाच्या नावावर केलंत. अभिप्राय मी लिहीन, नक्की लिहीन, आणि त्यात हेच लिहीन, आणि तपासणी समितीलाही त्याची एक प्रत पाठवीन.

त्यानंतर संचालक पहिल्यांदा इंग्रजीत बोलले. माझी बाजू समजून घेऊ इच्छितो, असं म्हणाले. दारामागे त्यांचं कुणाशी तरी फोनवर बरंच बोलणं झालं. संध्याकाळपर्यंत ठरलं, की मुलींना परत बोलवायचं, जुनं पत्र रद्द झाल्याचं नवं पत्र घरी पाठवायचं, आणि अहवाल समितीपुढे ठेवायचाच नाही. रात्रपाळीबद्दल "विचार करेंगे". भिंतीवरचं चित्र मी निघताना तिथेच होतं.

हा विजय होता असं लोक मला सांगतात. त्या माणसाला एक क्षणही शरम वाटली नाही. वाटली ती समितीची भीती. अभनपूरच्या ओसरीवर त्या बाईनं मुलगी वेडी नाही म्हणून अनोळखी माणसांना सांगत बसावं, त्याचं मोल त्या खोलीत शून्य होतं. त्या मुली परत आल्या त्या अभिप्रायावरच्या माझ्या एका सहीच्या अडचणीमुळे. याचा मला आनंद मानता येत नाही.

स्टेशनवर पोचवायला तिघंही आले. वहिनींनी वाटेसाठी चौसेला बांधून दिला, तांदळाच्या पिठाच्या पुऱ्या. गाडी हलल्यावर विनायकराव खिडकीबरोबर चार पावलं चालत आले आणि म्हणाले, "बोलल्या ते बरं केलं." एवढंच.

पुण्यात परतल्यावर

श्रद्धाचं कंत्राट सत्र संपल्यावर पुढे वाढवलं नाही. कारण लेखी दिलं नाही. आता ती बूढापाऱ्याच्या घरातच पुढच्या खोलीत बसते आणि कॉलेजच्या मुली सुट्टीच्या दिवशी तिच्याकडे येतात. विनायकरावांनी मुलींना चपला ठेवायला जिन्यात एक फळी ठोकून दिली आहे आणि कुणी आलं की ते वर्तमानपत्र घेऊन गच्चीवर जातात. नोकरीबद्दल ते तिला एक अक्षर बोलले नाहीत, असं तिनंच सांगितलं.

कॉलेजनं पावसाळ्यानंतर पुन्हा पाहणी केली. मला ते सौरभच्या फोनवरून कळलं. "मैम, एक मदद चाहिए. नेटवर्क बन ही नहीं रहा. सॉफ्टवेयर रुक जा रहा है." मी त्याला आकडे पाठवायला सांगितले, या वेळी रोल नंबर काढून. फाइल उघडली. झोप लागत नाही: बिल्कुल नहीं. काळजी वाटते: बिल्कुल नहीं. मन लागत नाही: बिल्कुल नहीं. वरपासून खालपर्यंत, एका मुलीपासून दुसऱ्या मुलीपर्यंत, प्रत्येक प्रश्नाला तेच उत्तर. उत्तरांमध्ये फरकच नसेल तर कशाचं कशाशी नातं आहे ते मोजता येत नाही. नुसते ठिपके उरतात, रेघ एकही नाही. संगणक काय करणार, तो थांबला.

संचालकांनी मात्र कॉलेजच्या फाटकावर फलक लावला आहे, त्याचा फोटो श्रद्धानं पाठवला. आमच्या सर्व विद्यार्थिनी मानसिकदृष्ट्या पूर्णपणे स्वस्थ.

मी लोकेश्वरीला फोन केला. ती वॉर्डमधून बाहेर येऊन बोलत होती, मागे कुठेतरी ट्रॉलीचा खडखडाट होता. अभ्यास बरा चालला आहे, आई ठीक आहे, टोमॅटोची चटणी कमी तिखट करून ठेवू, पुन्हा या म्हणाली. रात्रपाळी बदलली का, मी विचारलं. नाही, तशीच आहे. मग मी त्या पाहणीचं विचारलं.

"मैडम, अब हम सब ठीक हैं," ती म्हणाली. "हम लोगों ने मिलके तय किया है."